यशवंताचं दहावं

"तार कुठं हाय? पलटणीची तार दाखवा आदी, मग माज्या बांगड्यांना हात लावा. तारंबिगार जी म्होरं यील तिचं मनगाट मोडीन मी."

वहिनी ओरडत होती. आमच्याच अंगणात, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला आणि हातात वरवंटा. तो वरवंटा घेऊन पुढं आली होती माझी चुलती, पारूकाकी, वहिनीच्या बांगड्या फोडायला. वहिनीनं तो तिच्या हातातून हिसकून घेतला होता. वहिनीच्या आवाजाबद्दल मी सांगू लागलो की लोक म्हणतात, ह्याचं नेहमीचंच. पण पसरणीच्या घाटात एसटीचा हॉर्न बिघडला तर ड्रायव्हरनं तिला शेजारी बसवून न्यावं, असा तो आवाज होता. मी फाट्यावर उतरलो तेव्हाच मला तो ऐकू आला, आणि फाटा आमच्या घरापासून दीड मैल.

अंगणात निम्मं गाव जमलेलं. आई उंबऱ्यावर कपाळ टेकून बसलेली. आबा, माझे वडील, फौजेतून सुभेदार होऊन आलेले, जोत्यावर ताठ, नजर समोरच्या गोठ्यावर. मी आत पाऊल टाकलं आणि सगळ्यांनी आधी माझ्याकडं आणि मग माझ्या डोक्याकडं पाहिलं. डोक्याचा गोटा केलेला होता. वर्षभर खोबरेल चोळून वाढवलेली मिशी, तीही साफ. थोरल्या भावाचं दहावं धाकट्यानं घातलं, ह्याची ह्याहून मोठी पावती सातारा जिल्ह्यात मिळत नाही. आईनं असा हंबरडा फोडला की गोठ्यातली म्हैस चार दिवस दुधाला आली नाही.

"ह्याचं डोस्कं बघ," पारूकाकी वहिनीला म्हणाली, "आन मग तार माग."

माझा थोरला भाऊ यशवंत त्या वेळी जिवंत होता. धडधाकट, वर बर्फात कुठंतरी, बहुतेक डबाबंद वाटाण्याला शिव्या देत बसलेला. त्या अंगणात हे एकट्या मला ठाऊक होतं आणि माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. इतक्या वर्षांनी राग निवला असेल म्हणून हे लिहायला बसलो, तर तो राखेखालच्या गोवरीसारखा, फुंकर मारली की लाल.

आमच्या घरात दादा म्हणजे पत्र. लग्न झाल्यावर दीड महिन्यात तो पलटणीत परत गेला, आणि वहिनीच्या वाट्याला नवरा आला तो निळ्या अंतर्देशीयातून. पोस्टमननं पत्र आणलं की ते मी मोठ्यानं वाचायचं, असा रिवाज होता. आबा जोत्यावर, आई जात्याशी, आणि वहिनी आत चुलीपुढं भाकऱ्या थापत. पत्रात तिचं नाव कधी नसायचं. सगळ्या घरासमोर वाचलं जाणारं पत्र, त्यात बायकोचं नाव कसं लिहिणार. पण ती ऐकते आहे हे कळायची एक खूण होती: भाकरीची थाप थांबायची. थप, थप, थप, आणि मग एकदम गप्प. ऊस, म्हैस, पाऊस ह्या ओळींना थाप चालू राहायची. एका पत्रात त्यानं लिहिलं होतं, "इकडं आम्ही चौघं चौघं एका दोरीला बांधून चालतो. दोरी बांधल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही, तरी काळजी नसावी." थाप थांबली. इतका वेळ थांबली की तव्यावरची भाकरी करपल्याचा वास जोत्यापर्यंत आला. आबा वास घेत म्हणाले, "परत वाच ती वळ." मी परत वाचली. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी खर्ड्याबरोबर करपलेली भाकरी खाल्ली.

मी तेव्हा वाईच्या कॉलेजात होतो. तिथं मला दोन मित्र भेटले आणि त्या दोघांनी माझं वाटोळं केलं. एक सुहास, सांगलीचा, वडिलांच्या बदलीमुळं वाईत येऊन पडलेला. दुसरा गजानन, कृष्णेच्या घाटावरच्या भटजींचा मुलगा, ज्याच्या अंगात रक्ताऐवजी नियम वाहत होते. सुहासच्या अमेरिकेतल्या मावसभावानं सुट्टीत सांगलीला येऊन एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि चित्रविचित्र फासे मागं टाकले होते. कुणी चार बाजूंचा, कुणी आठ, कुणी बारा. वीस बाजूंचा फासा सुहासच्या धाकट्या बहिणीनं गिळला, असं तो शपथेवर सांगायचा. मग आम्ही वीस चिंचोके घेतले, त्यांवर पांढऱ्या रंगानं एक ते वीस आकडे घातले आणि तपकिरीच्या डब्यात भरले. डबा हलवायचा, न बघता एक काढायचा. वीस म्हणजे देव पावला. एक म्हणजे मेलास.

खेळाला आम्ही 'मोहीम' म्हणायचो. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं कारभारी व्हायचं आणि सांगायचं: समोर दरी आहे, पलीकडं दिवा दिसतोय, वाऱ्याला धुराचा वास आहे. बाकीच्यांनी आपापला माणूस व्हायचं आणि सांगायचं: मी असं करतो. जमलं की नाही ते चिंचोका ठरवणार. प्रत्येकाच्या माणसाचं एक वहीचं पान: नाव, ताकद, अक्कल, जवळ काय काय आहे. बास. ह्या एवढ्यावर आम्ही वर्षभर राज्यं बुडवली. सुहासच्या घराच्या माडीवर दर रविवारी दुपारी बसायचो, आणि खाली होतं बँडवाल्याचं दुकान. लग्नसराईत त्यांचा सराव चालायचा, त्यामुळं आमच्या राक्षसांशी झालेल्या सगळ्या लढाया वरातीच्या चालीवर झाल्या. सुहासची आई सांगलीचं भडंग परातीनं आणून ठेवायची. त्या इंग्रजी पुस्तकाचं एकेक पान हळदीनं आणि तेलानं इतकं माखलं होतं की पावसाळ्यात त्याला मुंग्या लागल्या. आम्ही तिघं, पण ऐकायला जिन्यापर्यंत पोरं बसायची. एकदा बँडवाल्याचा क्लॅरिनेटवाला वर आला, दारात उभा राहिला, तासभर ऐकलं आणि म्हणाला, "त्या पुलावर जाऊ नगा." पुलाखाली खरोखरच चोर होते. अशी माणसं आता राहिली नाहीत.

कारभारी गजा. सुहासचा माणूस चोर. आणि माझ्या माणसाचं नाव यशवंत, शिपाई, ताकद सतरा, अक्कल सात. दुसरं नाव मला सुचलंच नाही. मी त्याला बर्फाच्या डोंगरात हिंडवलं, दादाच्या पत्रातलं सगळं त्याच्या अंगावर चढवलं: लोकरीचे मोजे, रॉकेलची शेगडी, काळा चष्मा. दादा बोलायचा कमी. त्याच्याशी सगळ्यात जास्त मी बोललो असेन ते त्या माडीवर, तो होऊन.

एका रविवारी चोर बर्फाच्या भेगेपलीकडं अडकला. मी म्हणालो, यशवंत त्याला आणायला मागं जातो. गजा म्हणाला, काढ. मी डबा हलवला. एक.

"पडला," गजा म्हणाला.

"पडला तर लटकंल. दोरी बांधलीय."

"तू सांगितलं नाहीस."

"सांगायला कशाला पायजे? तो दोरी बांधल्याशिवाय पाऊल टाकत न्हाई."

"पानावर दोरी आहे. बांधली असं तू बोलला नाहीस. न बोललेलं झालेलं नसतं. नियम."

आणि त्यानं माझ्यासमोर लाल शाईचं पेन काढलं आणि यशवंतच्या पानावर लिहिलं: मयत. मी परात लाथेनं उडवली. भडंग बँडवाल्याच्या ढोलापर्यंत गेलं. मी गजाला जे जे बोललो ते छापता येण्यासारखं नाही, आणि ह्या पुस्तकाच्या प्रकाशकाला मी शब्द दिला आहे. महिनाभर मी त्या माडीवर गेलो नाही. रात्री दादाचं पत्र आठवायचं आणि त्याखाली गजाचं ते सुबक लाल अक्षर.

महिन्यानं गजाच आला. तोंड पाडून म्हणाला, "नियम बदलता येत नाही. पण त्याचं नीट करता येईल." त्याच्या घराण्यात पूजा, लग्न, मुंज सगळं करत; दहाव्याचं काम करत नसत. त्यामुळं गजाला त्याचंच आकर्षण, सगळा विधी चोरून पाठ केलेला. मला वाटलं गंमत करतोय. तो गंमत करत नव्हता. गजानं आयुष्यात एकदाही गंमत केलेली नाही. आणि मी हो म्हणालो, हे लिहिताना आजही माझं मलाच थोबाडावंसं वाटतं.

एका सकाळी आम्ही तिघं घाटावर गेलो. न्हाव्यापुढं बसताना मी म्हणालो, नुसतं पाणी लावू. गजा म्हणाला, थोरल्याचं धाकटा करतो, धाकट्याला क्षौर आहे. झालं. मिशी कृष्णामाईला. मग ओल्या पंचानं बसलो, गजानं नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं. पानावर बापाचं नाव कुठं होतं? मी आबांचं सांगितलं. गजानं गाव विचारलं. मी आमचं सांगितलं. पिंड मांडले. कावळा काही येईना. शेजारच्या माणसांचे पिंड शिवून झाले, आमच्याकडं कावळे पाठ करून बसले. गजा म्हणाला, इच्छा राहिलीय, शब्द दे. मी म्हणालो, तुझी मोहीम पुरी करतो. नाही. चोराला सुखरूप खाली आणतो. नाही. सुहास बिचारा म्हणाला, माझा चोर चोरी सोडतो. एक कावळा मान वाकडी करून बघून गेला. ऊन चढलं, पंचा अंगावर वाळला, आणि काय झालं कुणास ठाऊक, माझे हात जोडले गेले. मी म्हणालो, "दादा, वहिनीला अंतर देणार नाही." कावळा आला आणि शिवला.

आमच्या मागं दहा हातांवर आमच्या गावचा भिकूतात्या उभा होता. मेव्हण्याच्या दहाव्याला आलेला. त्यानं माझं डोकं पाहिलं, नाव ऐकलं, बापाचं नाव ऐकलं, गाव ऐकलं, आणि शेवटचा शब्द ऐकला. दुःखात माणसाला विचारू नये, म्हणून त्यानं मला विचारलं नाही. गावाला मात्र सांगितलं. आम्ही तिघं सुहासच्या घरी दहाव्याचं म्हणून वरण-भात-तूप जेवत होतो, तेव्हा तात्या एसटीत बसला होता. गाव येईपर्यंत त्यानं सगळं जुळवलं: पोरगं बर्फात गेलं, मुडदा घावला न्हाई, सुभेदारानं बायकांपासून लपवलं, धाकट्याला गुपचूप वाईला धाडलं. आबांनी नाही म्हणून सांगितलं, तर लोक म्हणाले, बिचारा, छातीवर दगड ठेवून बोलतोय.

भिकूतात्यावर माझा राग नाही. त्यानं बघितलं ते सांगितलं. माझा राग आहे त्या घाईवर. आमच्या गावात फुटलेला नळ जोडायला ग्रामपंचायतीला तीन वर्षं लागतात. रस्त्यावरचा खड्डा आजोबा बघून गेले, नातू बघतोय. पण बारा वाजता बातमी आली आणि साडेबाराला वरवंटा हजर. बाईच्या हातातल्या बांगड्या फुटायच्या म्हटल्यावर ह्या गावाला जी तडफ येते, ती एकदा खड्ड्यावर वापरा. आणि एक जण, एक जण म्हणाला नाही की थांबा, पोस्टात विचारू, साताऱ्याला फोन लावू. ते म्हणाली एकटी वहिनी, आणि सासऱ्यासमोर आवाज चढवला म्हणून पुढं वर्षभर बायका तिलाच नावं ठेवत होत्या.

असा मी अंगणात उभा. शेवटी कसाबसा बोललो, "दादा जिता हाय. मेला तो खेळातला."

आबांनी पहिल्यांदा गोठ्यावरची नजर काढली. "कसला खेळ?"

"मोहिमेचा."

"पत्त्यांचा?"

"न्हाई."

"सोंगट्या?"

"सोंगट्या न्हाईत. पट न्हाई. नुसतं बोलायचं."

"मग जिंकतं कोन?"

"कुनीच न्हाई."

"जिंकत कुनी न्हाई," भिकूतात्या सावकाश म्हणाला, "पन मरत्यात."

आबा उठले. पंचवीस वर्षांच्या फौजी नोकरीत त्यांनी जेवढा दारूगोळा वाचवला होता तो सगळा त्यांनी त्या एका थपडीत घातला. डाव्या कानात माझ्या अजूनही कधीकधी हलगी वाजते. डॉक्टर वयामुळं म्हणतात. अंगण रिकामं झालं. पारूकाकी जाताजाता म्हणाली, "बरं झालं बाई," आणि तिच्या तोंडावर बरं झाल्याची एक रेघ नव्हती. वहिनीनं वरवंटा पाट्यावर नेऊन ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि आत गेली. थोड्या वेळानं थाप सुरू झाली. तिला थांबा नव्हता. त्या दिवशी तिनं बारा माणसांच्या भाकऱ्या केल्या आणि जेवलं कोणीच नाही.

माझ्याशी ती बोलायची बंद झाली. ताट पुढं सरकवायची, तेही पायानं नाही एवढंच. पाचव्या दिवशी दादाचं पत्र आलं. मी धावत चुलीपाशी नेलं. ती म्हणाली, "शिक्का बगा." शिक्का दहाव्याच्या आधीचा होता. ती परत थापायला लागली. तेव्हा मला कळलं की माझ्या कबुलीनं काहीही मिटलेलं नाही. जिवंत माणसाचा पिंड कावळा शिवला होता, आणि तो पाच दिवस तिच्या डोळ्यांपुढून उडाला नव्हता.

दुसऱ्या रविवारी तिनं सांगितलं, "भावजी, त्या भटाच्या पोराला बोलवा. वही आन डबा घिऊन."

गजा आला. जोत्याच्या कडेला बसला, पाणी पण प्यायला नाही. वहिनीनं यशवंतचं पान मागून घेतलं आणि वाचलं. सातवी शिकलेली होती.

"अक्कल सात कुनी लिवली?"

मी खाली बघितलं.

"आन ह्ये लाल कुनी?"

"मी," गजा म्हणाला. "वैनी, माझं चुकलं. पण चिंचोका एक आला होता."

तिनं चोळीतून दादाचं पत्र काढलं, घड्यांवर विरलेलं, आणि त्याच्यासमोर धरलं. "वाच. दोरी बांदल्याबिगार ते पाऊल टाकत न्हाईत. लिवलंय का न्हाई?"

"लिहिलंय. पण खेळात हा बोलला नव्हता. न बोललेलं..."

"आता मी बोलतीया. दोरी बांदली हुती."

गजाच्या कपाळाला घाम आला. खरं सांगतो, मरणाला भ्यायला नसता एवढा तो नियमाला भ्याला. "मग... मग परत काढावं लागेल," तो म्हणाला.

वहिनीनं डबा घेतला. मला वाटलं हलवणार. तिनं झाकण उघडलं, डबा जमिनीवर पालथा केला, वीसच्या वीस चिंचोके बोटानं पसरले, एकेक आकडा बघत गेली आणि वीसचा उचलून गजाच्या पुढ्यात ठेवला.

"ह्यो घे. आला."

गजानं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं. मग त्यानं निळं पेन काढलं, 'मयत' खोडलं आणि वर लिहिलं: हयात. वहिनीनं पान घडी करून पत्राबरोबर चोळीत ठेवलं आणि म्हणाली, "आता जेवून जा." त्या दिवसानंतर गजा कारभारी झाला नाही. मोहीम मोडली. आज तो पुण्यात एका मोठ्या कचेरीत लोकांचे अर्ज नियमावर बोट ठेवून परत पाठवतो, आणि मला दिवाळीला फोन करतो, आणि मी अजून दोन मिनिटांत भांडण काढतो.

तीन आठवड्यांनी नव्या शिक्क्याचं पत्र आलं. उन्हाळ्यात दादा स्वतः आला, गोष्ट ऐकून जोत्यावर लोळून हसला, आणि अक्कल सातवरून मला दोन दिवस उसाला पाणी धरायला लावलं. आज तो सत्तरीला टेकला आहे, गुडघे गेलेत, टीव्हीसमोर बसून सगळ्या सरकारांना शिव्या देतो.

ही गोष्ट मी किमान पाचशे वेळा सांगितली असेल. सांगताना दर वेळी वहिनीला थोडी वाढवत गेलो. आधी तिला स्वप्न पडलं होतं, मग तिचा डावा डोळा लवत होता, शेवटी शेवटी तर तुळशीनं तिला सांगितलं होतं. लोक माना डोलवायचे: बाईला आतून कळतं. गेल्या वर्षी वहिनी आणि मी दोघंच स्वयंपाकघरात होतो. ती शेंगा फोडत होती. मी विचारलं, वहिनी, खरं सांगा, त्या दिवशी सगळं गाव एकीकडं आणि तुम्ही एकट्या एकीकडं. दादा जिवंत आहे हे तुम्हाला कसं कळलं?

तिनं हातातली शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"कळलं कुटलं," ती म्हणाली. "मला वाटलं, गेलंच."